ओलोना : हवाई बेटांचा वाख

प्रशांत महासागराच्या मध्यभागी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे ३,८०० किलोमीटर दूर असलेल्या हवाई बेटांच्या ओल्या दऱ्यांमध्ये, ओहोळांच्या काठी आणि उंच झाडांच्या सावलीत ओलोना नावाचे एक झुडूप वाढते. त्याची उंची साधारण एक ते तीन मीटर असते, पाने रुंद आणि कधीकधी हातभर लांब असतात, नर आणि मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झुडपांवर येतात, आणि मादी फुलांचे गुच्छ पिकल्यावर नारिंगी व मांसल होतात. फुलाला रूप नाही आणि गंध नाही, खोड इमारतीच्या कामाचे नाही, त्यामुळे रानातून जाणाऱ्या अनोळखी माणसाने त्याच्याकडे वळून पाहावे असे त्यात काही दिसत नाही. तरीही या झुडपाच्या सालीतून निघणारा वाख नसता तर हवाईच्या कोळ्यांचे जाळे विणले गेले नसते, गळाला दोर मिळाला नसता, आणि तेथील राजांच्या अंगावर पिसांचे ते प्रसिद्ध अंगवस्त्रही चढले नसते.

एखादी वनस्पती विरळ झाल्याचे सांगितले की माणसाने ती ओरबाडून संपवली असावी असे सहज गृहीत धरले जाते, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. ओलोनाच्या बाबतीत घडले ते जवळजवळ उलटे आहे. जोपर्यंत माणसाला त्याची गरज होती तोपर्यंत त्याची लागवड होत होती, तण काढले जात होते, नव्या फांद्या रुजवल्या जात होत्या. गरज संपली तेव्हा ही निगा थांबली, आणि नंतर रानात शिरलेल्या डुकरांपुढे व परक्या झाडोऱ्यापुढे हे झुडूप एकटे पडले. म्हणून त्याच्या विरळ होण्याचा इतिहास वनस्पतिशास्त्राइतकाच एका संपलेल्या कारागिरीचाही इतिहास आहे.

वनस्पतिशास्त्रात ओलोनाचे नाव टूशार्डिया लॅटिफोलिया असे असून त्यातील लॅटिफोलिया या शब्दाचा अर्थ ‘रुंद पानांची’ असा होतो. हे नाव शार्ल गोदिशो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने दिले. तो १८१९ मध्ये फ्रेसिने याच्या ‘युरानी’ जहाजावरून आणि १८३६ मध्ये ‘ला बोनीत’ जहाजावरून हवाईत आला होता, आणि या दुसऱ्या सफरीतील टूशार नावाच्या नौदल अधिकाऱ्याचे नाव त्याने या प्रजातीला दिले. ज्या झुडपाला बेटांवरची माणसे शेकडो वर्षे एका नावाने ओळखत होती, त्याला शास्त्राच्या वहीत एका परक्या खलाशाचे नाव मिळावे, हा त्या काळच्या वनस्पतिशास्त्राचा रिवाजच होता.

ओलोना हे अर्टिकेसी या कुळातले आहे. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत पावसाळ्यानंतर हिंडणाऱ्यांना या कुळाची ओळख त्याच्या खाजऱ्या झाडांमुळे असते, कारण त्यांच्या पाना-खोडांवर काचेसारखे ठिसूळ, पोकळ केस असतात, त्यांचे टोक त्वचेत मोडते आणि आत भरलेले दाहक द्रव्य बाहेर पडून आग होते. गुरे अशा झाडाला सहसा तोंड लावत नाहीत, आणि झाडाच्या दृष्टीने त्या केसांचा उपयोग तोच आहे. ओलोनाच्या अंगावर असे खाजरे केस नाहीत. हवाई बेटे समुद्रतळातून उफाळलेल्या ज्वालामुखींनी बनलेली, कोणत्याही खंडाला कधीही न जोडलेली असल्यामुळे तेथे माणूस येईपर्यंत चरणारा एकही सस्तन प्राणी नव्हता, आणि ज्या शत्रूशी गाठच पडत नाही त्याच्यासाठी शस्त्र बाळगणे हे झाडालाही महाग पडते. पिढ्यानुपिढ्या ते शस्त्र गळून गेले. हवाईतील आकाला नावाच्या रानटी रासबेरीला काटे जवळजवळ नाहीत, हेही याच प्रकारचे उदाहरण मानले जाते. नि:शस्त्र होण्याची ही सवलत पुढे या झाडांना किती महागात पडली, ते नंतर दिसेलच.

‘ओलोना’ हे नाव या झुडपाच्या ओळखीहून जुने आहे, असे म्हटले तर ते विचित्र वाटेल, पण भाषाशास्त्र तेच सांगते. टोंगा बेटांवर ‘ओलोंगा’ आणि कुक बेटांवर ‘ओरोंगा’ ही नावे पिप्टुरस या दुसऱ्याच झुडपाला आहेत. तेही याच कुळातले असून त्याच्या सालीतूनही जाळ्यांसाठी सूत काढले जात असे. पॉलिनेशियातील दर्यावर्दी सुमारे आठशे ते हजार वर्षांपूर्वी जोडनावांतून हवाईला पोहोचले तेव्हा त्यांच्या भाषेत हा शब्द आधीच होता, आणि नव्या बेटांच्या दऱ्यांत त्याच घराण्यातले, पण त्याहून सरस धागा देणारे झुडूप सापडल्यावर त्यांनी जुने नाव नव्या झाडाला दिले. हवाईच्या बोलीत जुना ‘ङ’ हा उच्चार ‘न’ होतो, म्हणून ‘ओलोंगा’चे ‘ओलोना’ झाले. गंमत अशी की पिप्टुरसच्याही जाती हवाईत आहेत, त्यांना तेथे मामाकी म्हणतात, आणि त्यांच्या सालीचे कापड व पानांचा काढा होत असला तरी दोराचा मान त्यांना मिळाला नाही.

ओलोनाचा धागा म्हणजे मराठीत ज्याला वाख म्हणतात तोच प्रकार आहे. झाडाच्या खोडात बाहेरची साल आणि आतले लाकूड यांच्या मध्ये जी ओली अंतरसाल असते, तिच्यातून पानांत तयार झालेले अन्न खाली वाहते, आणि या वाहिन्यांना आधार देण्यासाठी लांब, जाड भिंतींच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशींचे जुडगे खोडभर उभे असतात. अंबाडी आणि ताग यांचा वाख याच पेशींचा असतो. कापूस मात्र बीवरच्या केसांपासून आणि घायपाताचा वाख पानांतून निघतो, त्यामुळे त्यांची जात वेगळी. खाजऱ्यांच्या कुळात या पेशी विशेष लांब आणि बळकट असतात, म्हणूनच चीनमधील रॅमी आणि नेपाळमधील अल्लो ही धाग्यांसाठी नावाजलेली झाडेही याच कुळातली आहेत. ओलोना हे त्या घराण्याचे दूर बेटावर जाऊन राहिलेले, आणि गुणांत कोणालाही हार न जाणारे भावंड होय.

हा वाख काढण्याची रीत कष्टाची होती. ओलोनाची रोपे दाट ठेवली जात, कारण दाटीत वाढलेले खोड उजेडासाठी सरळ वर जाते आणि त्याला बाजूच्या फांद्या कमी फुटतात; फांदी जेथे फुटते तेथे वाखाचा सलगपणा तुटतो, हे कारागिराला ठाऊक होते. बोटभर ते दोन बोटे जाडीचे सोट कापून त्यांची साल लांब पट्ट्यांनी सोलली जाई आणि पाण्यात भिजवून मऊ केली जाई. अंबाडी किंवा ताग डबक्यात आठवडे-पंधरवडे कुजत ठेवून वाख सुटा करण्याची जी पद्धत भारतात रूढ आहे, तिच्याहून ही पद्धत वेगळी होती, कारण येथे भर कुजवण्यावर नसून खरवडण्यावर होता. कठीण लाकडाच्या एका लांब, अरुंद फळीवर सालीची पट्टी ताणून धरायची आणि कासवाच्या पाठीच्या हाडापासून केलेल्या धारदार खरवडणीने तिच्यावरचा हिरवा, चिकट गर एका दिशेने काढत जायचे, असे ते काम होते. दाब कमी पडला तर गर राहतो आणि धागा पुढे सडतो. जास्त पडला तर वाखच तुटतो. शेवटी हातात उरे ती पातळ, पांढरट, रेशमासारखी चकाकणारी फीत, आणि ती उन्हात वाळवून जपून ठेवली जाई.

सूत वळण्यासाठी टकळी किंवा चरखा नव्हता. वाखाच्या दोन बारीक बटा उघड्या मांडीवर तळहाताने पुढे लोटून त्यांना स्वतंत्र पीळ द्यायचा आणि हात मागे घेताना दोन्ही एकमेकींत उलट्या दिशेने गुंफायच्या, म्हणजे दोन पदरांचा दोर तयार होई. दोन पिळांच्या दिशा विरुद्ध असल्यामुळे दोन्ही एकमेकींना उलगडू देत नाहीत. कोकणात काथ्याचा सुंभ हातांनी वळताना पाहिलेल्या वाचकाला ही क्रिया वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. अशा रीतीने शिवणाच्या दोऱ्याइतके बारीक सूत आणि मोठ्या माशाला खेचणारा जाड दोर, दोन्ही त्याच वाखातून आणि त्याच मांडीवर तयार होत.

ओलोना हा हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या झाडाच्या वाखापेक्षा आठपट मजबूत असल्याचे विधान इंग्रजी पुस्तकांतून पुन्हापुन्हा उतरवले गेले आहे. धाग्याची जाडी, त्यातला ओलावा, पीळ आणि मोजण्याची पद्धत यांवर अशी तुलना अवलंबून असल्यामुळे हा आकडा जपूनच घ्यावा. अधिक विश्वसनीय पुरावा वापरणाऱ्यांच्या अनुभवाचा आहे. खारे पाणी या दोराला लवकर खात नसे, ताण आल्यावर तो फारसा लांबत नसे, आणि पाण्यात सोडताना त्याला आढी पडत नसे. गळाने मासे धरणाऱ्याला हा शेवटचा गुण सर्वांत मोलाचा असतो, कारण आढी पडलेला दोर नेमका मोठा मासा लागला असतानाच तुटतो. चांगला दोर बापाकडून मुलाकडे वारसाने जाई. १९१८ मध्ये व्हॉन मॅककॉही या वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘सायन्स’ या नियतकालिकात ओलोनावर लेख लिहिला, तेव्हा त्याने तो शीर्षकातच हवाईचा अजोड धागा ठरवला होता.

गळाचे दोर आणि जाळी हा ओलोनाचा रोजचा उपयोग होता. धातू नसलेल्या समाजात हाडाचा आणि शिंपल्याचा गळ जेवढा महत्त्वाचा, तेवढाच त्याला धरणारा दोर; लहान माशांच्या बारीक जाळीपासून मोठ्या ओढजाळ्यांपर्यंत सर्व काही या सुताचे विणले जाई. दगडी कुऱ्हाडीचे पाते दांड्याला बांधायला, फुलांच्या माळा ओवायला आणि पक्षी धरण्याचे फास करायलाही तेच लागे. भोपळ्याची आणि लाकडाची मोठी भांडी ज्यात ठेवून टांगली किंवा कावडीने वाहिली जात, त्या गाठींच्या जाळीला तेथे ‘कोको’ म्हणतात, आणि मराठीत तिला ‘शिंके’ हा शब्द चपखल लागू पडतो. फरक एवढाच की मराठी घरातले शिंके दह्यालोण्याला मांजरापासून वाचवण्यासाठी आढ्याला टांगलेले असे, तर हवाईत नक्षीदार गाठींचे शिंके हे सरदारांच्या मानाचे चिन्ह होते.

परंतु ओलोनाची खरी कसोटी जिथे लागली आणि जिथे तो सर्वांच्या नजरेआड राहिला, ती जागा म्हणजे ‘आहू-उला’, पिसांचे अंगवस्त्र. जगभरच्या संग्रहालयांत हे लाल-पिवळे डगले पाहताना प्रेक्षक पिसांनी दिपतो, आणि ते योग्यही आहे. पण पिसे ज्याच्यावर उभी आहेत ते ‘नाए’ नावाचे बारीक जाळे पूर्णपणे ओलोनाचे असते. आधी अंगाच्या आकाराचे जाळे विणायचे, मग चार-सहा पिसांची एकेक जुडी ओलोनाच्याच बारीक दोऱ्याने बांधून जाळ्याच्या गाठींवर खालून वर, एका ओळीवर दुसरी ओळ कौलांसारखी बसवत जायची, असे हे काम वर्षानुवर्षे चाले. जाळे जड असेल तर डगला अंगावर लोंबतो, सैल असेल तर पिसांमधून ते उघडे पडते, आणि दोरा कमकुवत असेल तर लाखो गाठींचे काम एका पिढीत विसकटते. माहीओले या पिसांच्या शिरस्त्राणातही हेच सूत होते. त्याचा सांगाडा इएइए या वेलाच्या मुळांचा विणत, आणि हा वेल केवड्याच्या कुळातला आहे.

यांतील सर्वांत प्रसिद्ध वस्त्राची तारीखही नोंदलेली आहे. २६ जानेवारी १७७९ रोजी केआलाकेकुआच्या उपसागरात हवाई बेटाचा राजा कलानीओपूऊ याने स्वतःच्या अंगावरचा डगला काढून कॅप्टन जेम्स कुकच्या खांद्यावर घातला आणि शिरस्त्राणही त्याला दिले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, १४ फेब्रुवारीला, त्याच उपसागराच्या काठी झालेल्या चकमकीत कुक मारला गेला. डगला इंग्लंडला गेला, अनेक हातांतून फिरला, १९१२ मध्ये न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोहोचला, आणि मार्च २०१६ मध्ये होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात परत आला. जवळजवळ २३७ वर्षांच्या या प्रवासात पिसांना धरून राहिले ते ओलोनाचे जाळे. त्याच संग्रहालयात सर्व बेटे एका छत्राखाली आणणाऱ्या पहिल्या कामेहामेहाचा सोनेरी डगला आहे. त्यात सुमारे साडेचार लाख पिसे असून त्यांसाठी सुमारे ८०,००० मामो पक्षी लागले असावेत, असा अंदाज दिला जातो, कारण या काळ्या पक्ष्याच्या अंगावर हवी तशी पिवळी पिसे मोजकीच असत.

एवढा धागा कोण पिकवत होते, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. जुन्या हवाईत जमीन ‘आहूपुआआ’ नावाच्या पट्ट्यांत विभागलेली असे. असा पट्टा डोंगरमाथ्यापासून सुरू होऊन दरीबरोबर उतरत समुद्रातील प्रवाळापर्यंत जाई, आणि त्यात राहणाऱ्यांना डोंगराचे, शेताचे व समुद्राचे तिन्ही प्रकारचे उत्पन्न मिळे. ओलोना लागे समुद्रावर, पण वाढे डोंगरातल्या पावसाळी पट्ट्यात. त्यामुळे वरच्या वस्तीतली माणसे रानात मोकळ्या केलेल्या तुकड्यांत त्याची लागवड करत, वाख खाली जाई आणि मासे वर येत. सरदारांना द्यायच्या करातही ओलोनाच्या वाखाचा आणि दोराचा समावेश असे. म्हणजे ज्याला वनस्पतिशास्त्रज्ञ रानटी झुडूप म्हणतात, ते प्रत्यक्षात निम्मे रानातले आणि निम्मे परसातले होते, आणि त्याची संख्या व विस्तार यांत माणसाच्या हाताचा मोठा वाटा होता.

लाकडाची आणि जाडजूड दोराची कामे मात्र ओलोनाकडे नव्हती, आणि या वाटणीत मराठी वाचकाला ओळखीची झाडे भेटतात. हवाईचे लोक ज्याला ‘हाऊ’ म्हणतात ते झाड म्हणजे कोकणच्या खाड्यांच्या काठी वाढणारा, पिवळ्या फुलांचा बेलपाटा. त्याच्या सालीचे साधे, चटकन होणारे दोर वळत आणि त्याचे हलके लाकूड होडीच्या बाजूच्या तरंगत्या ओंडक्यासाठी व जाळ्याच्या बोयांसाठी वापरत. ‘मीलो’ म्हणजे किनाऱ्यावरचा पारसपिंपळ, आणि त्याच्या तांबूस लाकडाची वाडगी होत. होडीचे भाग एकमेकांना बांधायला लागणारा मुख्य दोर नारळाच्या सोडणाचा, म्हणजे काथ्याचाच होता, फक्त तेथे तो वेणीसारखा गुंफत. ही झाडे भारतापासून पॉलिनेशियापर्यंतच्या उष्ण किनाऱ्यांवर सर्वत्र सापडतात. ओलोना मात्र हवाईखेरीज जगात कोठेही निसर्गतः उगवत नाही, आणि हवाईच्या मुख्य आठ बेटांपैकीही नीइहाऊ व काहोओलावे या कोरड्या बेटांवर तो नाही.

उतरण कुकच्या आगमनानंतर लगेच सुरू झाली नाही. उलट, परदेशी जहाजांनी या दोराची किंमत ओळखली, आणि १८१९ नंतर हवाईच्या बंदरांत गर्दी करू लागलेल्या देवमाशांच्या शिकारी जहाजांवरही त्याला मागणी आली. पण ज्या हातांनी वाख खरवडायचा तेच हात नाहीसे होऊ लागले. गोवर, देवी, पडसे अशा परक्या रोगांना प्रतिकारशक्ती नसलेला हवाईचा समाज शतकभरात कोसळला. कुकच्या वेळच्या लोकसंख्येचे अंदाज परस्परांपासून फार दूर असले तरी ते लाखांत आहेत, आणि १८९० च्या जनगणनेत मिश्र वंशाच्या लोकांसह हवाईयन माणसे सुमारे ४०,००० उरली होती. मधल्या काळात चंदनाच्या व्यापारासाठी सरदारांनी प्रजेला डोंगरात राबवले, पुढे उसाचे मळे आले, कराची वसुली मालाऐवजी पैशात होऊ लागली, आणि बाजारात कारखान्याचा तयार दोर मिळू लागला. ओलोनाला कारखान्यात नेता आले नाही, कारण त्याचा मोठेपणा ज्या सावकाश खरवडण्यात होता ते काम यंत्राला जमेना. नंतर बेटांवर धाग्यासाठी घायपाताच्या जातीचे सिसल लावून पाहिले गेले, पण दऱ्यांतल्या ओलोनाच्या बागांकडे कोणी परतले नाही. मराठीत सुंभ जळाला तरी पीळ जात नाही असे म्हणतात. येथे सुंभ संग्रहालयात शाबूत राहिला आणि पीळ देणारे गेले.

निगा सुटलेल्या झुडपावर मग दुसरे संकट आले, आणि तेथे खाजऱ्या केसांचा अभाव नडला. पॉलिनेशियन लोकांनी आणलेली डुकरे लहान आणि वस्तीच्या आसपास राहणारी होती. युरोपीय जहाजांनी मोठ्या जातीची डुकरे आणि शेळ्या आणल्या, १७९३ मध्ये व्हॅनकूव्हर या इंग्रज दर्यावर्द्याने गुरे आणली, आणि ती सर्व रानटी होऊन डोंगर चढली. ज्या झाडाला ना काटा, ना खाज, ना कडवटपणा, ते त्यांचे पहिले खाद्य. डुकरे माती उकरतात, उकरलेल्या मातीत परक्या झाडांचे बी रुजते, आणि त्या दाटीत ओलोनाच्या रोपाला उजेड मिळत नाही. ब्राझीलचा तांबडा पेरू, सोनटक्का, आणि हिमालयातून शोभेसाठी नेलेली सोनटक्क्याची पिवळी बहीण यांनी ओल्या दऱ्या व्यापल्या. या पिवळ्या फुलाचे तेथे रूढ झालेले नाव ‘काहीली जिंजर’ असे आहे आणि काहीली म्हणजे राजापुढे धरला जाणारा पिसांचा ध्वज. ओलोनाच्या जिवावर उठलेल्या झाडाला ओलोनाच्याच सुताने बांधल्या जाणाऱ्या वस्तूचे नाव मिळाले आहे. त्यात गेल्या काही वर्षांत ओहिआ या रानाचे छत्र धरणाऱ्या मुख्य वृक्षाला बुरशीजन्य रोगाने ग्रासले आहे, आणि छत्र गेले की सावलीची सवय असलेल्या झुडपांचे काय होणार हे सांगायला तज्ज्ञ नको.

ओलोना अजून नामशेष होण्याच्या काठावर आलेला नाही, आणि हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण दुर्मीळ या शब्दाखाली अनेक पायऱ्या असतात. तो बेटाबेटांवर विखुरलेला, दुर्गम दऱ्यांत टिकून असलेला, पण पूर्वी जिथे सहज सापडे तिथे शोधावा लागणारा असा विरळ झाला आहे. त्याच्या नातलगांची स्थिती अधिक बिकट आहे. नेरॉडिया ही केवळ हवाईतच असणारी पाच जातींची प्रजाती याच कुळातली असून तिच्यातील झुडपांना स्थानिक भाषेत माआलोआ म्हणतात. त्यांच्या सालीचे कापड होत असे, आणि आज त्यांपैकी तीन जाती अमेरिकेच्या संघराज्याच्या संकटग्रस्त यादीत आहेत. ओपूहे नावाच्या दुसऱ्या नातलगाला पूर्वी वेगळ्या प्रजातीत ठेवले जाई, पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासाने ते ओलोनाचे सख्खे भावंड असल्याचे दाखवून त्याला टूशार्डियात आणले. त्याचा धागा ओलोनाच्या खालोखाल मानला जात असे, म्हणजे जुन्या कारागिरांच्या बोटांना हे नाते आधीच कळले होते असे म्हणायला हरकत नाही.

या झुडपांवर अवलंबून असलेला आणखी एक जीव आहे. नारिंगी आणि काळ्या रंगाचे कामेहामेहा फुलपाखरू, स्थानिक भाषेत ‘पुलेलेहुआ’, आपली अंडी मामाकी, ओलोना, ओपूहे आणि माआलोआ या खाज नसलेल्या स्थानिक झुडपांवर घालते, आणि त्याची अळी पानाची कड कापून, ती दुमडून तिच्या आत लपून राहते. २००९ मध्ये हवाई राज्याने त्याला राज्यकीटकाचा मान दिला, पण मान देऊन अळीचे पोट भरत नाही; जिथे ही झुडपे गेली तिथून फुलपाखरूही गेले.

१९७० च्या दशकात हवाईयन भाषा, नृत्य आणि नौकानयन यांच्या पुनरुज्जीवनाची जी लाट आली, तिच्याबरोबर ओलोनाकडेही पुन्हा लक्ष गेले. १९९० च्या सुमारास ‘हवाईलोआ’ नावाची जोडनाव शक्यतो जुन्याच सामग्रीतून बांधण्याचे ठरले, तेव्हा तिच्यासाठी पुरेसा मोठा कोआ वृक्ष सगळ्या बेटांत सापडला नाही आणि शेवटी अलास्कातील मूळ रहिवाशांनी दिलेल्या स्प्रूस वृक्षांपासून नावेची अंगे कोरावी लागली. जुनी विद्या परत शिकता येते, पण तिच्यामागचे रान मागे लागून मिळत नाही, हा धडा त्या प्रसंगाने दिला. त्या हिशेबाने ओलोनाचे भाग्य बरे म्हणावे लागेल, कारण कोआला नावेजोगा होण्यास शतके लागतात, तर ओलोनाचा सोट दोनएक वर्षांत कापण्याजोगा होतो. काउआईवरील राष्ट्रीय उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानात आणि ओआहूवरील लायन वनस्पती उद्यानात हवाईच्या स्थानिक झाडांची जोपासना होते, काही दऱ्यांभोवती डुकरांना रोखणारी कुंपणे उभी राहिली आहेत, आणि मोजके कारागीर फळी, खरवडणी व मांडी यांच्या जोरावर वाख काढण्याची रीत पुन्हा हाताला लावून घेत आहेत. त्यांच्यापुढे जिवंत गुरू थोडे आहेत, म्हणून संग्रहालयातल्या जाळ्यांच्या गाठी भिंगाखाली पाहून, पिळाची दिशा मोजून आणि चुकतमाकत ते काम शिकावे लागते.

पिसांच्या वस्त्राचे मात्र तसे होणार नाही. ज्या मामो पक्ष्याने कामेहामेहाच्या डगल्याला सोनेरी रंग दिला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नामशेष झाला, हवाई बेटावरचा ओओ पक्षी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गेला, आणि लाल पिसांचा इइवी २०१७ पासून धोक्यातील पक्ष्यांच्या यादीत आहे. त्या डगल्यातील दोन घटकांपैकी आज फक्त जाळ्याचा घटक नव्याने मिळू शकतो, आणि त्यासाठी ओलोनाची ओली फांदी दरीतल्या मातीत दाबून ठेवणे पुरेसे असते. ती मुळे धरते.